मंद प्रकाश व प्रखर प्रकाश

हळदीचा डाग धुण्यानें जात नाहीं, उन्हानें जातो, हें ज्ञान आपल्या घरांतील बायकांस पिढ्यान्‌पिढ्या आहे. साबण लावला कीं पिवळा डाग उलट तांबडा होतो. पण तोच पंचा दोन-तीन दिवस उन्हांत टाकला म्हणजे डाग फिकट होत होत नाहींसा होतो. हळदीला पिवळेपणा देणाऱ्या रेणूस कर्क्युमिन म्हणतात. उन्हांतील निळा व जांभळा प्रकाश हा रेणु शोषून घेतो आणि बाकीचा परत फिरतो, तो आपल्या डोळ्यांस पिवळा दिसतो. शोषलेला प्रकाश म्हणजे रेणूच्या अंगीं आलेली ऊर्जा. ती सोसवली नाहीं कीं रेणु मोडतो, आणि त्याबरोबर त्याचा रंगही जातो.

प्रकाश शोषला जातो म्हणजे नेमकें काय होतें, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रेणूंतील इलेक्ट्रॉन वाटेल त्या ऊर्जेवर राहूं शकत नाहींत. त्यांच्यासाठीं जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठराविक पातळ्या असतात. दोन पायऱ्यांमधील अंतराएवढी ऊर्जा घेऊन एखादा प्रकाशकण आला, तर इलेक्ट्रॉन तो गिळून वरच्या पायरीवर उडी घेतो. कमी ऊर्जेचा आला तर त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. निळ्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा अधिक, तांबड्याची कमी, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची त्याहूनही कमी. म्हणून कोणता रेणु कोणता रंग शोषील हें ठरलेलें असतें. हिशेबही सरळ असतो: एका उडीस एक प्रकाशकण, प्रकाश दुप्पट केला कीं उड्याही दुप्पट. शाळेंत व महाविद्यालयांत आपण इतकेंच शिकतों, आणि सूर्याच्या उजेडांत जगणाऱ्या माणसाला तें पुरतेंही.

परंतु हा हिशेब मंद प्रकाशाचा आहे. प्रकाश फार प्रखर झाला म्हणजे तोच रेणु, त्याच पाण्यांत, निराळ्या रीतीनें वागूं लागतो. तें वागणें कसें, हें समजून घेण्याची वेळ आमच्यावर आली ती एका घरगुती कारणानें.

आमच्या घरीं अजून चौदा पानें एकत्र मांडलीं जातात. धाकट्या बंधूंची कन्या एम्.एस्‌सी. होऊन गेलीं चार वर्षें एका संशोधनसंस्थेंत काम करीत आहे. द्रावणांत विरघळलेल्या रंगद्रव्यांच्या रेणूंवर प्रखर प्रकाशाचा काय परिणाम होतो, हाच तिचा विषय. गेल्या दिवाळीनंतर तिला एक स्थळ सांगून आलें. मुलगा सुविद्य, घराणें चांगलें, पत्रिकेचाही अडसर नाहीं. मात्र लग्नानंतर मुलीनें प्रयोगशाळा सोडावी, असें त्या मंडळींचें म्हणणें पडलें. मुलगी म्हणाली, ‘‘काम सोडणार नाहीं.’’ घरांत दोन तट पडले. शेवटीं आमच्या मातोश्रींनीं, ज्यांचें वय आज ८६ वर्षांचें आहे, सारा वाद एका प्रश्नांत आणून ठेवला. ‘‘अरे, चार वर्षें ती पाण्यांत रंग कालवून त्यावर दिवा पाडते म्हणतोस. त्याचा कुणाला काय उपयोग, तेवढें तूं जाऊन पाहून ये, आणि मग मला सांग.’’ आम्हीं आयुष्यभर शाळेंत विज्ञान शिकविलें असल्यामुळें ही कामगिरी आमच्याकडे आली. त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें व ऐकलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘प्रखर’ हा शब्द आपण वैशाखांतल्या उन्हास लावतों. पण रेणूच्या मानानें तें ऊनही मंदच. प्रकाश ही विद्युत् व चुंबकत्व यांची लाट आहे. भर दुपारच्या उन्हांत या लाटेचें विद्युत्‌क्षेत्र दर मीटरला हजार व्होल्टहूनही कमी भरतें. उलट हायड्रोजनच्या अणूचें केंद्र आपल्या इलेक्ट्रॉनला ज्या क्षेत्रानें धरून ठेवतें, तें दर मीटरला सुमारें ५० हजार कोटी व्होल्ट आहे. मुंगीनें हत्तीचा पाय ओढावा तसा हा प्रकार. चांगल्या शोषक रंगाचा एखादा रेणु भर उन्हांत ठेवला तर त्याला सेकंदाला सुमारें एक प्रकाशकण लाभतो, असा शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज आहे. तो गिळून वर गेलेला इलेक्ट्रॉन साधारणपणें सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागांत पुन्हां खालीं येतो. म्हणजे बाकीचा सारा वेळ रेणु रिकामाच बसलेला असतो.

आतां नदीच्या घाटावरील होड्यांचें उदाहरण घ्या. होड्या शंभर आहेत, आणि प्रत्येकींत एकच उतारू बसतो. उतारू एकेक करून येत असले तर येईल त्याला होडी मिळते. पण जत्रेच्या दिवशीं एकदम लोंढा आला तर पहिल्या शंभरांना घेऊन सगळ्या होड्या पाण्यांत गेलेल्या असतात, आणि मागची गर्दी घाटावरून तशीच पुढें चालती होते. प्रकाशाचा लोंढा आला म्हणजे रंगीत द्रावणाचें असेंच होतें. बहुतेक रेणु वरच्या पातळीवर गेलेले असतात. शोषण्यास खालीं कोणी उरत नाहीं. मग जें द्रावण गडद दिसत होतें तें क्षणभर पारदर्शक होऊन प्रकाशाला वाट करून देतें. या गुणाचा उपयोग १९६४ सालीं लेसर यंत्रांत करण्यांत आला. माणिकाच्या लेसरमध्यें अशा रंगाचें द्रावण ठेवलें कीं तें कांहीं काळ प्रकाश अडवून धरतें. यंत्रांत ऊर्जा सांचत जाते. आणि द्रावण पारदर्शक होतांच सारा सांठा, बांध फुटावा तसा, एका झोतांत बाहेर पडतो.

आपल्या देशांत लागलेल्या एका शोधासही प्रखर प्रकाशानें असेंच नवें रूप दिलें. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास रामन् यांना, कृष्णन् यांच्या सहकार्यानें, असें दिसून आलें कीं द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशापैकीं अगदीं थोड्याचा रंग बदलतो. तो बदललेला प्रकाश इतका क्षीण असतो कीं कोटी कणांत एखादाच असा निघावा. पुढें १९६२ सालीं अमेरिकेंत वुडबरी व एंग हे दोघे माणिकाच्या लेसरमध्यें नायट्रोबेंझीन हा द्रव वापरीत असतां त्यांना लेसरच्या रंगाबरोबर दुसऱ्याच रंगाचा एक जोरदार झोत निघतांना आढळला. तो रामन् यांनीं पाहिलेल्या परिणामाचाच प्रकार होता; परंतु प्रकाश प्रखर झाल्यामुळें कोटींत एकाचा हिशेब मागें पडला होता.

या सर्वांहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. एखाद्या प्रकाशकणाची ऊर्जा पायरीच्या उंचीपेक्षां कमी असेल तर इलेक्ट्रॉन तो घेत नाहीं, असें वर सांगितलें. मग निम्म्या निम्म्या ऊर्जेचे दोन कण मिळून ती उडी घडवूं शकतील काय? कोठीच्या खोलींत धान्याचें भरलेलें पोतें आहे. एका माणसास तें उचलत नाहीं. एकानें सकाळीं येऊन जोर लावला व दुसऱ्यानें संध्याकाळीं लावला, तर पोतें जागचें हलणार नाहीं. दोघांनीं एकाच क्षणीं हात घातला पाहिजे. रेणूच्या बाबतींत हा ‘एकच क्षण’ फेम्टोसेकंदाच्या घरांतला आहे. सेकंदाचे दहा लाख भाग करावे, आणि त्यांतील एका भागाचे पुन्हां शंभर कोटी करावे, तो फेम्टोसेकंद. त्याचें सेकंदाशीं जें प्रमाण, तेंच एका सेकंदाचें ३ कोटी १७ लाख वर्षांशीं आहे. ज्या रेणूला उन्हांत सेकंदास एक कण मिळतो, त्याच्यावर इतक्या अल्प क्षणांत दोन कण एकदम येऊन पडण्याचा योग सुमारें १ कोटी वर्षांत एकदां येईल, असा हिशेब मांडलेला आहे.

असा योग येऊं शकतो, हें कोणीही डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं एका तरुण मुलीनें कागदावर गणित करून सिद्ध केलें. जर्मनींतील गटिंगन येथें माक्स बोर्न यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या मारिया गोपर्ट यांनीं १९३० सालीं आपल्या प्रबंधांत हें प्रमेय मांडलें; तें विस्तारानें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २४ वर्षांचें. या गणिताचें मर्म असें कीं, जोडीनें शोषण होतें तेव्हां प्रकाश दुप्पट केला तर उड्या चौपट होतात, आणि दसपट केला तर शंभरपट. मात्र पडताळा पाहण्याजोगा प्रकाश त्या काळीं जगांत कोठेंही नव्हता. १९६० सालीं मायमन यांनीं माणिकाचा पहिला लेसर चालू केला, आणि दुसऱ्याच वर्षीं, १९६१ सालीं, कायझर व गॅरेट यांनीं युरोपियमयुक्त स्फटिकावर लेसरचा तांबडा झोत टाकून त्यांतून निळा प्रकाश निघतांना पाहिला. तांबड्या प्रकाशाच्या एका कणापासून निळा कण निघणें शक्य नाहीं. दोन कण एकदम शोषले गेले होते. गणित बरोबर ठरण्यास तीस वर्षें लागलीं.

स्फटिकांत किंवा वायूंत जें स्वच्छ दिसतें तें द्रावणांत तितकेंसें स्वच्छ दिसत नाहीं, आणि आमच्या पुतणीच्या कामाचें मर्म येथेंच आहे. वायूंतील रेणु एकटा राहतो. त्याच्या पायऱ्या ठराविक व रेखीव असतात. द्रावणांतील रेणु एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या माणसासारखा! चारी बाजूंनीं द्रावकाचे रेणु त्याला खेटून असतात. त्यांच्या धक्क्यांनीं पायऱ्या सारख्या किंचित् वरखालीं होतात, आणि रेखीव रेषांच्या जागीं रुंद पट्टे दिसूं लागतात. तोच रंग पाण्यांत एका छटेचा दिसतो व अल्कोहोलमध्यें दुसऱ्या, तो यामुळेंच. त्यांत प्रखर प्रकाशाची भर पडली म्हणजे प्रकाश स्वतःही पायऱ्यांची उंची बदलूं लागतो. ऑटलर व टाउन्स यांनीं १९५५ सालीं हा परिणाम वायूंतील रेणूंवर विद्युत्‌चुंबकीय लाटा सोडून दाखवून दिला होता. द्रावणांत शेजाऱ्यांनीं किती ढकललें आणि प्रकाशानें किती, हें वेगळें काढणें फार जिकिरीचें असतें. पण श्रमाचें फळही मोठें आहे. ज्या रेणूची घडण मध्यबिंदूभोंवतीं सारखी असते, त्याच्या कांहीं पायऱ्या एकट्या प्रकाशकणाला नियमानेंच बंद असतात, आणि नेमक्या त्याच जोडीला उघड्या होतात. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनसारख्या लांब सांखळीच्या रेणूंत अशी एक पायरी आहे. एकेक प्रकाशकणाच्या हिशेबांत ती जवळजवळ दिसतच नाहीं.

हें सर्व वाचून झाल्यावर आम्ही प्रयोगशाळेंत गेलों. आंत जाण्यापूर्वीं हातांतील घड्याळ व अंगठी बाहेर काढून ठेवावी लागली. धातूवरून झोत परावर्तित होऊन डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय असतें. डोळ्यांवर विशेष प्रकारचा चष्मा चढविला. अंधाऱ्या खोलींत जड मेजावर आरसे व भिंगें मांडलेलीं होतीं. या लेसरचा प्रकाश सलग नसतो. दर सेकंदास ८ कोटी झटके निघतात, आणि प्रत्येक झटका सुमारें १०० फेम्टोसेकंदच टिकतो. त्यामुळें सरासरी शक्ति अवघी १ वॅट, रात्रीं लावावयाच्या लहान दिव्याएवढी, असली तरी झटक्याच्या क्षणीं ती लाखभर वॅटच्या घरांत जाते.

मुलीनें काचेच्या चौकोनी कुपींत फ्लोरेसीन या रंगाचें फिकट द्रावण घेतलें. नेत्रवैद्य डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्या पाहण्यासाठीं शिरेंतून टोंचतात तोच हा रंग; आमच्या मातोश्रींस तो एकदां टोंचला होता. पहिल्यानें तिनें त्यांतून साधा निळा झोत सोडला. कुपीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवी रेघ उजळली. मग तो बंद करून अवरक्त झटक्यांचा झोत भिंगांतून सोडला. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. कुपींत रेघ मुळींच उमटली नाहीं. परंतु मधोमध, जेथें भिंगानें प्रकाश एका बिंदूंत गोळा केला होता तेवढ्याच जागीं, हिरवा ठिपका लखलखला. मागें अंधार, पुढें अंधार, आणि मध्यें तो ठिपका! ‘‘काका, बाकीच्या वाटेवरही तोच प्रकाश आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण जोडीनें कण सांपडण्याइतकी दाटी फक्त तिथेंच आहे.’’ नंतर तिनें वाटेंत एक काळसर कांच घालून झोत निम्मा केला. मापकावरील आंकडा निम्मा न होतां एकचतुर्थांशावर आला. तिनें आम्हांस झोत वाढवूनही दाखविला. कांहीं मर्यादेपुढें आंकडा चौपटीच्या नियमानें चढेना; तेथें होड्या संपत होत्या, रेणु मोडूं लागले होते, पायऱ्याही सरकत असतील. ‘‘माझें काम तिथून पुढचें,’’ ती म्हणाली.

उपयोगाचें विचारावें तर तो लहानसा ठिपकाच उपयोगी पडला आहे. १९९० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डेंक, स्ट्रिक्लर व वेब यांनीं या तत्त्वावर सूक्ष्मदर्शक बनविला. अवरक्त प्रकाश शरीराच्या पेशीजालांत निळ्या प्रकाशापेक्षां खोल शिरतो, आणि रंग फक्त ठिपक्याच्या जागींच उजळत असल्यामुळें आजूबाजूचा भाग त्या प्रमाणांत सुरक्षित राहतो. ठिपका पुढेंमागें सरकवीत जिवंत प्राण्याच्या मेंदूंत कित्येक दशांश मिलिमीटर खोलवर एकेक पेशी पाहतां येते. दुसरें उदाहरण तर आपल्या डोळ्यांतलेंच आहे. अवरक्त प्रकाश मनुष्यास दिसत नाहीं, असें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें, व रोजच्या उजेडापुरतें तें खरेंही आहे. पण अवरक्त लेसरचे झटके कांहीं लोकांस हिरवट दिसतात. डोळ्यांतील दृष्टिद्रव्याचे रेणु दोन दोन कण जोडीनें शोषतात म्हणून हें घडतें, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें.

परंतु मातोश्रींना उत्तर देतांना आमच्या मनांत या यंत्रांपेक्षां मारिया गोपर्ट यांचें चरित्र अधिक घोळत होतें. १९३० सालींच जोसेफ मायर या अमेरिकन शास्त्रज्ञाशीं त्यांचा विवाह झाला व त्या अमेरिकेस गेल्या. पतीला जेथें नोकरी, तेथें पत्नीला पगारी जागा नाहीं, असा तिकडील रिवाज. बाल्टिमोरला, न्यूयॉर्कला, शिकागोला त्यांनीं विद्यापीठांत बहुतेक काळ विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर शिकविलें व संशोधन केलें. अणुकेंद्राची घडण कशी असते यासंबंधीं त्यांनीं जें काम केलें, त्याबद्दल १९६३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. भौतिकशास्त्रांत हा मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. पहिल्या मारी क्यूरी, १९०३ सालच्या. आज जोडीनें होणारें शोषण ज्या एककांत मोजतात त्यास ‘गोपर्ट-मायर’ असेंच नांव आहे. तें एकक इतकें लहान कीं चौरस सेंटिमीटर इत्यादि मापांत लिहितांना दशांशचिन्हापुढें ४९ शून्यें द्यावीं लागतात व मग १ येतो.

हा रिवाज तिकडचाच होता असें कोणी समजूं नये. कमला भागवत, म्हणजे पुढें कमला सोहोनी, यांना १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश नाकारला गेला तो केवळ स्त्री म्हणून, आणि नाकारणारे संचालक साक्षात् रामन् होते. कमलाबाईंनीं तेथेंच ठाण मांडून अटींवर का होईना, प्रवेश मिळविला, व १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टर ही पदवी संपादन केली. द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा किंचित् फरक ज्या डोळ्यांनीं हेरला, त्यांना समोरची विद्यार्थिनी प्रथम ओळखतां आली नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते.

घरीं आल्यावर आम्हीं मातोश्रींना हिरव्या ठिपक्याची हकीकत सांगितली, आणि हेंही सांगितलें कीं मुलीच्या कामाचा उपयोग काय होईल हें आज सांगणें शक्य नाहीं. १९३० सालीं कोणी गटिंगनला जाऊन हाच प्रश्न विचारला असता, तर त्या मुलीलाही मेंदूचा सूक्ष्मदर्शक दाखवितां आला नसता. मधल्या साठ वर्षांत लेसर व्हावयाचा होता. पण ती गणितें अगोदर झालेलीं होतीं म्हणून प्रकाश आल्याबरोबर काय शोधावयाचें हें लोकांस ठाऊक होतें.

मातोश्रींनीं सारें ऐकून घेतलें व एकच विचारलें, ‘‘त्या बाईला विद्यापीठाचा पुरा पगार कधीं मिळूं लागला?’’

‘‘१९६० सालीं,’’ आम्हीं सांगितलें, ‘‘चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास.’’

‘‘आणि आपल्या मुलीला संस्था आतांच शिष्यवृत्ति देते ना? मग ती कां सोडायची?’’

दुसऱ्या दिवशीं बंधूंच्या संमतीनें आम्हीं वरपक्षास पत्र लिहिलें कीं, मुलगी आपलें काम चालू ठेवणार आहे; हें मान्य असल्यास पुढील बोलणें आनंदानें करूं. मुलीनें तें पत्र वाचून त्यांतील ‘सध्यां’ हा एक शब्द खोडला, तो आम्हीं खोडूं दिला. पत्र जाऊन पंधरा दिवस झाले. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मुलीचा पाण्यांतील मापांचा तक्ता पुरा झाला आहे, आणि या सोमवारपासून ती तोच रंग अल्कोहोलमध्यें विरघळवून पुन्हां पहिल्यापासून मापें घेत आहे.